टर्बोची ताकद वाढवायची, तर इंजेक्टर आणि एअर-फ्लो सेन्सरही बदलायचे का?

प्रश्न : माझ्याकडे २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, कागदावर १५० हॉर्सपॉवर. मोठ्या व्यासाचा एक्झॉस्ट बसवून झाला आहे. आता रीमॅप करून १९० पर्यंत न्यायची इच्छा आहे. एक ट्यूनर म्हणतो, ‘मोठे इंजेक्टर आणि मोठा एअर-फ्लो सेन्सर घेतल्याशिवाय मी गाडीला हात लावणार नाही.’ दुसरा म्हणतो, ‘काही लागत नाही, गाडीचा कॉम्प्युटर सगळं सांभाळून घेतो.’ दोघेही अनुभवी आहेत. कोणाचे ऐकू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन अनुभवी माणसांची दोन टोकांची उत्तरे आली, म्हणजे दोघांपैकी कोणीही अजून मोजमाप घेतलेले नाही असे समजायला हरकत नाही. पहिल्याचे ऐकलेत तर कदाचित पैसे नाहक जातील. दुसऱ्याचे ऐकलेत तर कदाचित पिस्टन जाईल. खरे उत्तर तुमच्या बॉनेटखाली आहे. शाळेतल्या गुणाकार-भागाकारावर आणि गॅरेजमधल्या चार मोजण्यांवर ते काढता येते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. मोठा इंजेक्टर घातला की ताकद वाढते, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्यक्षात इंजिन किती हवा आत घेऊ शकते, यावर त्याची ताकद ठरते. टर्बो असतो तो हवा कोंबायला, एक्झॉस्ट मोठा करतात तो जळलेली हवा लवकर बाहेर पडून नव्या हवेला जागा व्हावी म्हणून. हवा आली की तिच्या प्रमाणात पेट्रोल द्यायचे, एवढेच इंजेक्टरचे काम. तो वाढपी आहे. पळी मोठी आणली म्हणून पंगतीची भूक वाढत नाही. पाने मात्र सांडतात. इंजिनात हे सांडणे म्हणजे काळा धूर, काजळलेले प्लग, घसरलेले अॅव्हरेज, तापून निकामी होणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर पेट्रोलने धुऊन जाणे.

आता प्रमाणाविषयी. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. शांतपणे गाडी चालवताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हेच प्रमाण धरून चालतो. टर्बो इंजिनावर पूर्ण पाय दाबला की मात्र पेट्रोल मुद्दाम जास्त दिले जाते, साधारण १२ ग्रॅम हवेला एक ग्रॅम. जादा पेट्रोलाची वाफ होताना ते सिलिंडरमधली उष्णता शोषून घेते, आणि त्यामुळे मिश्रण वेळेआधी भडकण्याची, म्हणजे नॉकिंगची शक्यता कमी होते. याच क्षणी पेट्रोल अपुरे पडले, मिश्रण ‘लीन’ झाले, तर पिस्टनचा माथा वितळायला फार वेळ लागत नाही. ताकद वाढवताना सारी काळजी घ्यायची ती या काही सेकंदांसाठी.

इंजेक्टर पुरतो की नाही हे कसे ठरते? इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी तोटी. पेट्रोल कमी-जास्त करायचे तर ती किती वेळ उघडी ठेवायची एवढेच ईसीयूच्या हाती असते. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक इंजेक्टरला दोन फेऱ्यांत एकदा पाळी मिळते. ६००० आरपीएमला सेकंदात १०० फेऱ्या होतात, म्हणजे दोन फेऱ्यांना २० मिलिसेकंद. यातले १६ मिलिसेकंद तोटी उघडी असेल तर इंजेक्टर ८० टक्के भरला, असे म्हणायचे. ट्यूनर याला ड्यूटी सायकल म्हणतात. तोटीला उघडायला आणि मिटायला थोडा वेळ लागतो, शिवाय ती तापते, म्हणून ८० टक्के ही समजूतदार मर्यादा मानली जाते. ९० च्या पुढे गेल्यावर तोटी नीट मिटण्याआधीच पुढची उघडण्याची वेळ येते आणि पेट्रोलाचा हिशेब बिघडतो. १०० टक्क्यांना ती सतत उघडीच. त्यानंतर हवा कितीही वाढली तरी पेट्रोल वाढत नाही.

हे मोजायला इंजिन खोलावे लागत नाही. डायग्नोस्टिक स्कॅनर लावून पूर्ण थ्रॉटलवर इंजेक्शनचा वेळ मिलिसेकंदांत वाचायचा, त्याला त्या क्षणीच्या आरपीएमने गुणायचे आणि १२०० ने भागायचे. उत्तर ड्यूटी सायकलच्या टक्क्यांत येते. ५५०० आरपीएमला १५ मिलिसेकंद दिसले, तर १५ गुणिले ५५०० भागिले १२००, म्हणजे सुमारे ६९ टक्के. तुमच्या गाडीचे आजचे हे वाचन दोन्ही ट्यूनरांना विचारून पाहा. आकडा ज्याच्याकडे असेल, त्याच्याशी पुढचे बोलणे करा.

आज किती भरला आहे हे कळले. १९० हॉर्सपॉवरला किती भरेल ते आता पाहू. साध्या पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरसाठी मिनिटाला अंदाजे ५ सीसी पेट्रोल लागते. टर्बोला मिश्रण जास्त गडद ठेवावे लागते म्हणून ६ सीसी धरायचे. हा ठोकताळा थोडा सावध बाजूचा आहे, आणि तो तसाच असलेला बरा. १५० हॉर्सपॉवरला मिनिटाला ९०० सीसी. चार इंजेक्टर, म्हणजे प्रत्येकी २२५. १९० हॉर्सपॉवरला एकूण ११४०, प्रत्येकी २८५.

आता तुमचा इंजेक्टर मिनिटाला किती देऊ शकतो, हे हवे. त्याच्या अंगावरचा पार्ट नंबर शोधून क्षमता कळते खरी, पण वीस वर्षे चाललेल्या इंजेक्टरच्या नव्या असतानाच्या आकड्यावर मी भरवसा ठेवणार नाही. चारही काढून अल्ट्रासॉनिक सफाई करून घ्या आणि फ्लो टेस्टच्या बेंचवर मोजून घ्या. हे काम आता बहुतेक मोठ्या शहरांत होते आणि नवा संच घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मोजताना चौघांतला फरकही पाहा. तीन इंजेक्टर बरोबर आणि चौथा दहा टक्के कमी देणारा असेल, तर लीनचा फटका नेमका त्याच सिलिंडरला बसतो. ईसीयूला मात्र चौघांची सरासरीच दिसत राहते.

समजा, बेंचवर प्रत्येकी ३२० सीसी निघाले. १५० हॉर्सपॉवरला २२५ भागिले ३२०, म्हणजे ७० टक्के. कंपनीने हात राखून दिलेला दिसतो. १९० ला २८५ भागिले ३२०, म्हणजे ८९ टक्के. मर्यादेच्या बाहेर, पण अशक्य म्हणावे इतकेही नाही. दोन ट्यूनरांची दोन मते का झाली, याचे कारण बहुधा इथेच आहे. तुमचे उद्दिष्ट नेमके सीमेवर पडते. तुम्ही १७० म्हटले असते तर प्रश्नच नव्हता, आणि २२० म्हटले असते तरीही नव्हता.

सीमेवरच्या गाडीसाठी एक मधला मार्ग आहे. तोटीतून येणारे पेट्रोल तिच्या मागच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तीन बारचा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर काढून चार बारचा बसवला तर दाब ३३ टक्क्यांनी वाढतो आणि पेट्रोल सुमारे साडेपंधरा टक्क्यांनी. ३२० चा इंजेक्टर ३७० चा होतो आणि १९० हॉर्सपॉवरला ड्यूटी ७७ टक्क्यांवर येते. तुमच्याच जातीच्या १.८ टर्बो इंजिनांवर ही युक्ती जगभर वापरली गेली आहे. अट एकच : नवा दाब रीमॅपच्या, म्हणजे ईसीयूत नव्याने भरलेल्या, आकड्यांत धरलेला हवा. नुसता रेग्युलेटर बदलून गाडी बाहेर काढली तर ती सगळीकडे ‘रिच’, म्हणजे जादा पेट्रोलावर, चालेल आणि चेक इंजिनचा दिवा लागेल.

इथवरचा हिशेब शुद्ध पेट्रोलचा झाला, आणि तसे पेट्रोल आता पंपावर सहसा मिळत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये काही निवडक पंपांवर सुरू झालेले ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल, आता सर्रास झाले आहे. इथेनॉलच्या एका ग्रॅमला जळायला फक्त ९ ग्रॅम हवा लागते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो. त्यामुळे तितक्याच हवेला ई-२० जास्त द्यावे लागते, आकारमानाने साधारण ७ टक्के. ६ सीसीचा ठोकताळा ६.४ होतो. तुमच्या गाडीची रचना झाली तेव्हा हे कोणाच्या डोक्यात नव्हते. कंपनीने राखून ठेवलेला हात रीमॅपच्या आधीच थोडा खर्च झाला आहे. नव्या ठोकताळ्याने १९० ला तीन बारवर ड्यूटी ९५ टक्के, म्हणजे सरळ नकार. चार बारवर ८२. मी तुमच्या जागी असतो तर १८५ वर समाधान मानले असते. तिथे बरोबर ८० येतात, आणि पाच हॉर्सपॉवरचा फरक घाटात कोणाला जाणवत नाही.

इंजेक्टरचा हिशेब जुळला तरी एक गोष्ट बरेचजण विसरतात, ती म्हणजे फ्युएल पंप. इंजेक्टरच्या मागे दाबच टिकला नाही तर वरचे सगळे आकडे कागदावर राहतात. टर्बो गाडीत रेग्युलेटर मॅनिफोल्डमधल्या दाबाबरोबर पेट्रोलचा दाब वाढवत नेतो, कारण तोटीच्या पुढे टर्बोची हवा उलट रेटत असते. टर्बोचा दाब एक बार असेल तर चार बारचा रेग्युलेटर पंपाकडून पाच बार मागतो. दाब जितका जास्त तितके पंपाचे पेट्रोल कमी. जुना पंप, तुंबलेला फिल्टर, गंजलेल्या जोडण्यांमुळे पंपाला मिळणारे अपुरे व्होल्ट, यांपैकी काहीही असले तरी लक्षण एकच दिसते : वरच्या आरपीएमला मिश्रण लीन. मग दोष दिला जातो इंजेक्टरला. महागडे इंजेक्टर बसवूनही गाडी सुधारत नाही आणि शेवटी टाकीतला पंप बदलल्यावर सुधारते, असे प्रकार गॅरेजांत नवे नाहीत. म्हणून इंजेक्टरचा विचार करण्याआधी प्रेशर गेज लावून पूर्ण जोरात दाब टिकतो का ते पाहा. फिल्टर तर न विचारता बदला.

आता एअर-फ्लो सेन्सर. तुमच्या गाडीत एअर फिल्टरच्या पेटीनंतर जी नळी सुरू होते, तिच्यात तो बसलेला असतो. आत एक तापवलेली अतिपातळ पट्टी असते. येणाऱ्या हवेपेक्षा तिचे तापमान ठरावीक अंशांनी वर ठेवायचे, असा नियम. हवा जास्त वाहिली की पट्टी जास्त थंड होते, तिला तापवत ठेवायला जास्त वीज लागते, आणि त्यावरून ईसीयूला हवेचे वजन कळते. बॉशने १९८१ मध्ये एलएच-जेट्रॉनिक ही प्रणाली आणली तेव्हा पट्टीऐवजी प्लॅटिनमची तार होती, तत्त्व तेच.

या सेन्सरला मर्यादा येते ती मोजण्याची. त्याचा संकेत पाच व्होल्टपर्यंतच जातो. तिथे पोचल्यावर हवा आणखी वाढली तरी त्याला सांगता येत नाही, आणि ईसीयू कमी हवेचा समज करून कमी पेट्रोल देतो. पुन्हा लीन, पुन्हा तोच धोका. हेही स्कॅनरवर दिसते. पूर्ण थ्रॉटलवर सेन्सरचे वाचन ग्रॅम प्रतिसेकंदात नोंदवत जायचे. आरपीएमबरोबर ते चढत जाऊन वर हलकेच झुकत असेल तर सेन्सर ठीक. टर्बोचा दाब टिकून आहे, आरपीएम वाढतो आहे आणि वाचन मात्र एका आकड्यावर खिळून सरळ रेषेत चालले आहे, तर तो संपला. बदलायची वेळ ओळखायची ती या रेषेवरून. ट्यूनरच्या अंदाजावरून नव्हे.

याचाही एक ठोकताळा आहे. ग्रॅम प्रतिसेकंदाच्या आकड्याला सव्वाने गुणले की हॉर्सपॉवरचा अंदाज येतो. १५० ला १२० ग्रॅम, १९० ला १५२. काही स्कॅनर हाच आकडा किलो प्रतितासात दाखवतात, तेव्हा ३.६ ने भागायला विसरू नका. आज तुमची गाडी निरोगी असेल तर ११० ते १२० च्या आसपास दिसायला हवे. ९० च दिसले, तर मोठा सेन्सर घेण्याची घाई करू नका. एक तर सेन्सर मळला आहे, नाहीतर नळीत गळती आहे, नाहीतर १५० तले काही घोडे वाटेत पळून गेले आहेत. रीमॅपचे पैसे त्यानंतरच खर्च करावेत.

सेन्सर मळण्याचे एक कारण शौकीन मंडळी स्वतःच ओढवून घेतात. धुऊन परत वापरायचे कापडी फिल्टर तेल लावून बसवतात. तेल जास्त झाले की त्याचा बारीक तुषार त्या पट्टीवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि वाचन कमी येऊ लागते. यासाठी मिळणारा खास स्प्रे वापरा, आणि पट्टीला बोट किंवा फडके अजिबात लावू नका. दुसरे कारण आवाजाच्या हौसेचे. गिअर बदलताना ‘फुस्स’ असा आवाज यावा म्हणून टर्बोची जादा हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवतात. ती हवा सेन्सरने आधीच मोजलेली असते आणि ईसीयूने तिच्यासाठी पेट्रोलही दिलेले असते. हवा बाहेर गेली, पेट्रोल आत राहिले, की प्रत्येक गिअरला क्षणभर मिश्रण रिच. कंपनीचा मूळ व्हॉल्व्ह हीच हवा परत नळीत वळवतो. तो तसाच राहू द्या.

मोठ्या सेन्सरचेही एक गणित आहे आणि ते बहुतेकांना उलटे वाटते. तोच सेन्सर ७० मिलिमीटरच्या नळीतून काढून ८० मिलिमीटरच्या नळीत बसवला, तर नळीचे क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते, हवेचा वेग कमी होतो आणि सेन्सरला २३ टक्के कमी हवा ‘दिसते’. मोजण्याची मर्यादा वाढली खरी, पण ईसीयूमधला तक्ता बदलला नाही तर इंजिन तितकेच लीन चालेल. अमेरिकेत फोर्ड मस्टँगच्या पाच लिटर व्ही-८ वर याच चुकीचा लोकांनी उपयोग करून घेतला. ताशी १९ पौंडांचे इंजेक्टर काढून २४ किंवा ३० पौंडांचे बसवायचे आणि त्याच प्रमाणात कमी हवा दाखवणारा सेन्सर लावायचा. एक चूक दुसरीला कापते, मिश्रण बरोबर येते, ईसीयूला हात लावावा लागत नाही. स्वस्तातली सोय म्हणून ती खूप खपली. पण ईसीयू हवेच्या आकड्यावरून फक्त पेट्रोल ठरवत नाही. ठिणगी किती आधी पाडायची तेही ठरवतो. इंजिनावर भार कमी आहे असा समज झाला की तो ठिणगी आधी पाडतो, आणि खऱ्या भाराखाली इंजिन नॉक करू लागते. तुमच्यासारख्या टर्बो गाडीत हा खेळ कोणी सुचवला तर नम्रपणे नकार द्या. सेन्सर बदलायचा तर तक्ता बदलूनच.

राहिला दुसऱ्या ट्यूनरचा दावा, कॉम्प्युटर सगळे सांभाळून घेतो हा. तो अर्धा खरा आहे. एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर मिश्रण तपासत असतो आणि ईसीयू त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. पण साध्या लॅम्डा सेन्सरला १४.७ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच कळते. पूर्ण थ्रॉटलवर १२ हवे असताना प्रत्यक्षात १३ आहे की ११, हे त्याला सांगता येत नाही, म्हणून तेव्हा ईसीयू त्याच्याकडे बघत नाही आणि तक्त्यातल्या आकड्यांवर चालतो. म्हणजे बाजारात भाजी आणायला जाताना तो सांभाळून घेतो. जिथे पिस्टन वितळतो तिथे नाही. रीमॅप करताना ट्यूनरने नेमके प्रमाण सांगणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावून, डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण भाराखाली मिश्रण पाहिलेच पाहिजे. हे यंत्र नसलेल्या ट्यूनरकडे गाडी देऊ नका, मग त्याचे मत वरच्या दोघांपैकी कोणतेही असो.

तेव्हा तुमच्यासाठी निर्णय असा. मोठे इंजेक्टर आणि मोठा सेन्सर आजच विकत घेऊ नका. फ्युएल फिल्टर बदला, पंपाचा दाब तपासा, इंजेक्टर साफ करून मोजून घ्या, एअर-फ्लोचे वाचन पाहा. इंजेक्टर ३२० च्या घरात निघाले आणि पंप ठणठणीत असला, तर चार बारचा रेग्युलेटर आणि त्याला धरून केलेला रीमॅप १८५ पर्यंत नेईल. ते तीनशेच्या खाली निघाले, किंवा पुढे मोठा टर्बो घालून २२० चा विचार असेल, तर नवे इंजेक्टर घ्यावेच लागतील. आणि एक अप्रिय गोष्ट : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे. विमा कंपनीही दाव्याच्या वेळी हा प्रश्न विचारते. ट्यूनर सहसा याविषयी बोलत नाहीत.

प्रश्न : जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, १०६ हॉर्सपॉवरची. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा कोन फिल्टर लावला. आता दुकानदार म्हणतो, याला मोठा एअर-फ्लो सेन्सर लावला की पिकअप खुलेल. लावू का?

उत्तर : लावायचा कुठे, हे आधी दुकानदाराला विचारा. तुमच्या गाडीत एअर-फ्लो सेन्सर नाहीच. होंडाने त्या इंजिनात मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर दिला आहे. दाब, हवेचे तापमान आणि आरपीएम या तिन्हींवरून हवेचे वजन ईसीयू हिशेबाने काढतो. हीही पद्धत जुनीच. बॉशने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिकमध्ये ती वापरली होती. तुमच्या इंजिनाला टर्बो नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा वर जात नाही आणि तो मोजायला मूळ मॅप सेन्सर पुरेसा आहे.

इंजेक्टरचाही प्रश्न येत नाही. सायलेन्सर आणि फिल्टरने फार तर चार-सहा हॉर्सपॉवर वाढतात. ५ सीसीच्या ठोकताळ्याने ही वाढ प्रत्येक इंजेक्टरमागे मिनिटाला सात-आठ सीसी होते, आणि तेवढे कोणताही निरोगी इंजेक्टर देतो. कॅमशाफ्ट बदलला किंवा हेडचे काम केले, तर मात्र दाब तोच असूनही आत जाणारी हवा बदलते. मॅपवाल्या ईसीयूला ते आपोआप कळत नाही, म्हणून तेव्हा ट्यूनिंग लागते. उघड्या कोन फिल्टरविषयी एकच सुचवतो : तो रेडिएटरमागची गरम हवा ओढत असेल तर मूळ पेटीच परत बसवा. गरम हवा विरळ असते, आणि नुसता आवाज वाढून ताकद कमी झालेल्या सिटी गाड्या रस्त्यावर पुष्कळ आहेत.

प्रश्न : स्विफ्ट डिझेलचा एअर-फ्लो सेन्सरचा प्लग काढून टाकला की पिकअप वाढतो, असे मित्राने सांगितले. काढून पाहिला, खरेच वाढला! मग हा सेन्सर हवाच कशाला?

उत्तर : पिकअप वाढला याचा अर्थ तुमचा सेन्सर खराब झाला आहे किंवा मळला आहे. पेट्रोल गाडीत ताकद हवेवर ठरते. डिझेलमध्ये ती मुख्यतः किती डिझेल सोडले यावर ठरते. डिझेल गाडीत हा सेन्सर दोन कामांसाठी असतो : धूर होणार नाही इतकेच डिझेल सोडणे, आणि एक्झॉस्टची थोडी हवा परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरवर लक्ष ठेवणे. मळलेला सेन्सर हवा कमी दाखवतो, ईसीयू धुराच्या भीतीने डिझेल आखडते घेतो आणि गाडी सुस्त होते. प्लग काढला की ईसीयू सेन्सरचा नाद सोडून ठरलेला आकडा धरतो, म्हणून गाडी मोकळी वाटते. पण मग धूर आणि प्रदूषण यांवरचा लगाम सुटतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. सेन्सर स्प्रेने साफ करा, तरीही फरक पडला नाही तर मूळ कंपनीचाच नवा घ्या, आणि प्लग परत लावा.

अशा प्रश्नांसोबत गाडीचे मॉडेल, वर्ष, आजवर केलेले बदल आणि असल्यास स्कॅनरचे वाचन जरूर कळवावे. ‘पिकअप कमी वाटतो’ एवढ्यावर उत्तर देणे मलाही जमत नाही.